बीटल्स की झेपलिन

"बीटल्स म्हंजी लग्नातला गुलाबजाम. गोड हाय, पर त्यानं पोट भरत न्हाय."

कॅसेटच्या रॅकपलीकडून हे वाक्य आलं आणि राजनंदिनीचा हात हवेतच थांबला.

बारामतीच्या भिगवण चौकातलं सर्जेरावांचं कॅसेटचं दुकान एवढंसं. पुढं भजनं, लावण्या आणि नव्या सिनेमांच्या गाण्यांच्या थप्प्या. मागं, खडखडणाऱ्या पंख्याखाली एक अर्धा रिकामा खण. त्यावर सर्जेरावांनी स्केचपेननं 'विंग्रजी' असं लिहिलेलं. बारामतीत त्या खणाला हात लावणारी आपण एकटीच, अशी तिची समजूत होती. आणि आज कुणीतरी तिथंच उभं राहून तिच्या बीटल्सना गुलाबजाम म्हणत होतं!

"मग पोट कशानं भरतं?" तिनं अलीकडूनच विचारलं.

पलीकडून उत्तर आलं, "झेपलिननं. लेड झेपलिन. ऐकलंय का नाव?"

"ऐकलंय. बीटल्सनी आधी स्वयंपाकघर बांधलं, म्हणून तुमच्या झेपलिनला चूल मिळाली."

रॅकच्या कडेनं एक चेहरा बाहेर आला. सावळा, लांबट, दाट भुवयांचा. बोलणारी पोरगी असेल याची त्याला कल्पना असावी, पण अशी रोखून बघणारी असेल याची नसावी. त्याच्या भुवया वर गेल्या आणि तशाच राहिल्या.

"तुमी कुठल्या?"

"कळंबच्या. का? कळंबला बीटल्स ऐकायला बंदी आहे?"

गल्ल्यामागं सर्जेराव खुदकन हसले. "ज्ञानेश, भेटली बाबा तुला तुझ्या तोडीची. घ्या, आता तिघांत एक चहा सांगतो."

तो ज्ञानेश. पळसदेवचा, घरी पिढीजात ढोल. एक वर्ष पुण्याला शिकायला होता. तिथं होस्टेलवर शिलाँगचा एक पोरगा खोलीत राहायला होता आणि त्यानं याला रॉकचं वेड लावलं. आता बारामतीतल्या एका खाजगी डेअरीत दुधाची फॅट तपासायला नुकताच लागला होता. सकाळ-संध्याकाळ काम, दुपार मोकळी. ती दुपार तो सर्जेरावांकडं घालवायचा.

राजनंदिनी कळंबच्या दादासाहेबांची थोरली. दादासाहेबांची द्राक्षबाग आणि भाजीपाल्याचं रान. शाळेला ती वालचंदनगरला जायची. तिथल्या कॉलनीतली एक मैत्रीण वडलांची बदली झाल्यावर गाव सोडून गेली, तेव्हा तिच्या भावानं खोकंभर कॅसेट हिच्या हवाली केल्या. त्या खोक्यातून बीटल्स निघाले. आता बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष चालू होतं, रोज एसटीनं बारामती.

पहिल्या दिवशी वाद अर्धाच राहिला, कारण तिची गाडी सुटायची वेळ झाली.

"उरलेलं उद्या," तो म्हणाला.

उद्या येणार नाही असं ठरवून ती दुसऱ्या दिवशी गेली.

मग ते नेहमीचंच झालं. दुकानात कॉलेजची दोन-तीन पोरं असायची, ती आळीपाळीनं या बाजूला नाहीतर त्या बाजूला व्हायची. पण खरा सामना दोघांचाच. आज जे काही हेवी वाजतंय, ते सगळं झेपलिनच्या आणि डीप पर्पलच्या पोटातनं आलंय, असं ज्ञानेशचं म्हणणं. बीटल्सनी आधी दारं उघडली, सतारीपासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळं रॉकमध्ये घेऊन दाखवलं, म्हणून पुढच्यांना धीर झाला, असं तिचं.

"त्यांचा ड्रमर तर साधा ठेका धरतोय नुसता," तो म्हणायचा.

"डावखुरा माणूस आहे तो. उजव्या हाताच्या ड्रमवर वाजवतो. म्हणून त्याचा हात असा वेगळा पडतो. आणि साधं वाजवणं सोपं असतं का?"

यावर तो काउंटरवर बोटांनी तो ठेका धरून बघू लागला... एकदा, दोनदा. त्याची बोटं लांब होती. काच हलायची आणि काचेखालच्या कॅसेट बारीक थरथरायच्या. बोटांकडं बघता बघता आपण पुढचा मुद्दा विसरलो, हे तिच्या ध्यानात आलं आणि कानांच्या पाळ्या तापल्या.

दुकानातल्या हेडफोनची एकच बाजू चालायची. तो आधी ऐकायचा, मग हेडफोन तिच्या हातात द्यायचा आणि ती ऐकत असताना तिच्या चेहऱ्याकडं बघत राहायचा. तिला आवडलं की नाही, हे तिच्या आधी त्याला कळायचं.

"आवडलं," तो म्हणायचा.

"मुळीच नाही."

"मग पाय कशाला हलतोय?"

ती पाय आवरून घ्यायची. एकदा अशाच भांडणात तिच्या तोंडून "तू गप रे!" असं निघून गेलं. 'तुम्ही'चा 'तू' झाला. पंखा तेवढा खडखडत राहिला.

"गप बसतो," तो हळूच म्हणाला, "पर असंच म्हणत जा."

ती एसटीत बसली तेव्हा खिडकीबाहेरचा ऊस तिला दिसलाच नाही. पण हे बरं चाललेलं नाही, हेही त्याच एसटीत तिला कळत होतं. गुरुवारच्या बाजाराला तिचे आबा, म्हणजे दादासाहेब, भाजी घेऊन बारामतीला यायचे. गुरुवारी ती दुकानाच्या बाजूला फिरकायचीसुद्धा नाही. ज्या गोष्टीसाठी बापापासून लपायला लागतं, ती गोष्ट नुसती गाण्यांची नसते.

फेब्रुवारीत द्राक्षं उतरायला आली आणि तेव्हाच चिंचवडचं स्थळ आलं.

मुलगा इंजिनिअर, चांगल्या कंपनीत. घर स्वतःचं. नात्यातल्याच माणसांनी आणलेलं. बघायला आले त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि आबा पाहुण्यांशी बोलता बोलता सारखे बाहेर, बागेच्या दिशेनं बघत होते. पाऊस झाला असता तर मणी तडकले असते. झाला नाही. पाहुणे पायगुणाचे ठरले.

दोघांना बोलायला म्हणून अंगणात सोडलं. मुलगा खरंच चांगला होता. खाली मान घालून हसायचा, मऊ बोलायचा.

"तुम्हाला इंग्लिश गाणी आवडतात म्हणे. मलाही. बीटल्स."

तिचे डोळे चमकले. "आणि झेपलिन?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला जरा आरडाओरडा वाटतो."

"मलाही तसंच वाटतं."

तिला काय सुचलं कुणास ठाऊक. ती म्हणाली, "पण खरं सांगायचं तर पुढच्या सगळ्यांवर छाप झेपलिनचीच पडली."

"हो," तो हसून म्हणाला, "तेही खरंच आहे."

त्यात खोट काढायला जागा नव्हती. आईनं, सरुबाईनं, रात्रीच्या भाकरी थापता थापता विचारलं, "कसा वाटला?" ती म्हणाली, "चांगला आहे." सरुबाईनं ते होकारात धरलं. चिंचवडचा निरोप दोनच दिवसांत आला. पोरगी पसंत. परीक्षा झाली की सुपारी फोडायची, रविवारी आबांनी येऊन बोलून जावं.

राजनंदिनी दुसऱ्या दिवशी दुकानात शिरली तेव्हा तिचा जीव कशातच नव्हता. ज्ञानेशनं काहीतरी बोलावं, एवढंच तिला हवं होतं. काय बोलावं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्याला कळलेलं होतं. कळंबचा एक दूधवाला डेअरीत बोलला होता. पण तो त्यावर अवाक्षर बोलला नाही. उलट पोरांना गोळा करून मोठ्या आवाजात सुरू झाला, "बीटल्सवाली माणसं कशी असत्यात सांगू? गुळगुळीत. कुणाला टोचाय नको, कुणी नाराज व्हाय नको. जे मिळंल त्यात गोड मानून घ्यायचं."

पोरं हसली. हे बीटल्सबद्दल नव्हतं, हे तिला कळलं. रागाच्या भरात तिच्या तोंडून निघून गेलं—

"तुझ्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ढोल बडवत आलेत. धडाधडा काही वाजलं की तुला ते संगीतच वाटणार!"

कुणी हसलं नाही. सर्जेरावांनी टेप बंद केला.

ज्ञानेशची बोटं काउंटरवर होती, ती थांबली. तो तिच्याकडं बघत राहिला. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"बरोबर हाय तुझं," तो म्हणाला.

इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच तिच्याशी सहमत झाला होता. मग त्यानं पायात चपला घातल्या आणि तो निघून गेला.

नंतर तो आलाच नाही. तिनं एक दिवस वाट बघितली, दुसरा बघितला, बाजाराच्या गुरुवारीसुद्धा चोरून डोकावून आली. शनिवारी सर्जेराव स्वतःच म्हणाले, "त्यानं रजा टाकलीय. गावी बिरोबाची जत्रा हाय. त्याचे अप्पा ढोलाचे म्होरके हायत ना." मग चष्मा पुसत पुढं म्हणाले, "पोरी, तू बोललीस ते मला न्हाय आवडलं. पर तो बोलला ते बी न्हाय आवडलं. आता बघा तुमचं तुमी."

ती कॉलेजात गेली नाही. स्टँडवर भिगवणची गाडी लागली होती, तिच्यात बसली. भिगवणला उतरून सोलापूर रोडची दुसरी धरली. उद्या आबा चिंचवडला जाणार आणि आज आपण भलत्याच गावाच्या गाडीत बसलोय. कुणी ओळखीचं भेटलं तर काय सांगायचं? काहीच सुचलं नाही आणि गाडी पळसदेवला थांबली.

धरणाचं पाणी ओसरत चाललं होतं. काठानं गाळ वाळून भेगाळलेला, त्यावर उलट्या घातलेल्या होड्या, आणि लांब पाण्यातून वर आलेलं जुन्या देवळाचं शिखर. ढोलाचा आवाज कुठून येतोय ते तिला विचारावं लागलं नाही. तो पायाखालूनच येत होता.

मोकळ्या रानात माणसांचं मोठं रिंगण होतं. पांढरी धोतरं, पागोटी, हातात रंगीत रुमाल. मध्ये ढोल, आणि सगळ्यात पुढच्या ढोलावर एक वाळकासा म्हातारा. ज्ञानेशच्याच भुवया, पण पिकलेल्या. त्यानं टिपरू उचललं की सगळं रिंगण श्वास धरायचं आणि टाकलं की शंभर पावलं एकदम पडायची. ठेका सावकाश चढत गेला. तिला वाटलं, आपलं काळीज आपल्याला विचारल्याशिवायच त्या ठेक्यात सामील झालंय. बापाच्या शेजारी दुसऱ्या ढोलावर ज्ञानेश होता. घामानं निथळलेला, डोळे मिटलेले. हा माणूस तिनं आजवर बघितलेलाच नव्हता.

ढोल थांबले. त्यानं डोळे उघडले आणि समोर ती.

त्याला पुढं यायला वेळ लागला असता. म्हणून तीच पुढं गेली, आणि त्याच्याकडं नाही, अप्पांकडं. बायका-माणसं बघायला लागली होती.

"अप्पा, मी कळंबची राजनंदिनी. तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या माघारी, चारचौघांत... तुमच्या घराला ढोल बडवणारे म्हणाले. वाईट मनानं म्हणाले. माझं चुकलं."

अप्पांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग लेकाकडं बघितलं.

"मग त्यात चुकलं काय? ढोल बडवायचाच असतो, पोरी. गोंजारून वाजतोय व्हय त्यो?"

सगळं रिंगण हसलं. ती हसली नाही, कारण ज्ञानेश हसला नव्हता. अप्पांच्या ते ध्यानात आलं. "कुशाबाई," त्यांनी बायकोला हाक मारली, "पोरगी लांबनं आलीया, पानी दे. आनि ज्ञाना, तिला देऊळ दाखवून आन. आमाला जरा बसू दे."

पाण्याच्या कडेला ते दोघं उभे राहिले. वाऱ्याला गाळाचा आणि माशांचा वास होता. मागं अख्खं गाव नजरेच्या टप्प्यात होतं, म्हणून दोघांत हातभर अंतर.

"मला राग ढोलाचा न्हाय आला," तो पाण्याकडं बघत म्हणाला. "तुला ते पोरगं पसंत पडलंय, आनि माझ्यापासनं सुटायला तुला कायतरी पाहिजे होतं. ते तू शोधलंस. त्याचा आला."

"आणि तू? तू नाही टोचलंस?"

"टोचलं. तू बोलशील म्हणून टोचलं. न्हाय म्हणशील त्याला, असं वाटलं." त्यानं एक खडा पाण्यात टाकला. "कसा हाय तो?"

"चांगला आहे. माझं त्याचं सगळं जुळतं. मी अमुक म्हणाले की तोही अमुक म्हणतो. मी तमुक म्हणाले की तोही तमुक."

"मग झालं की."

"काय झालं?" तिचा आवाज चिरकला. "ज्ञानेश, मी त्याच्याबरोबर सुखात राहीन आणि माझ्याशी कुणी बोलतंय असं मला कधीच वाटणार नाही. तू मला सारखं अडवतोस. मी घरी जाऊन तुझ्याशी मनातल्या मनात भांडते... भाकरी करताना, अभ्यास करताना. या आठवड्यात मनात भांडायलासुद्धा कुणी नव्हतं. मला नाही राहता आलं."

तो वळला. हातभर अंतर तसंच होतं, पण आता ते दोघांनाही जड जात होतं.

"आमी धनगर. तुमी बागायतदार माळी. तुझा बाप मला दारात उभा करंल का?"

"माहीत नाही."

"आनि नसंल करत तर?"

"तर दारात मीही उभी राहीन. पण आबा उद्या सकाळी चिंचवडला निघणार आहेत. सांगायचं ते आज सांगायला पाहिजे."

त्यानं फार विचार केला नाही. अप्पांशी दोन शब्द बोलून आला आणि आपली एम-एटी गाडी काढली. कळंब जवळ आलं तसा तो म्हणाला, "फाट्यावर उतर. तू चालत म्होरं हो, मी मागनं येतो. गाव बघंल."

"बघू दे."

गावानं बघितलं. पारावरची माणसं बोलायची थांबली. किराणा दुकानाच्या पायरीवरची बाई उठून उभी राहिली. राजनंदिनीनं मान खाली घातली नाही, पण गाडीच्या मागच्या दांडीवर तिची बोटं पांढरी पडली होती.

आबा शेडमध्ये द्राक्षाच्या पेट्या भरत होते. गाडी थांबली तसे ते उभे राहिले. हातातला घड त्यांनी हळूच कागदावर ठेवला.

"कोण हे?"

तिनं सगळं सांगितलं. सर्जेरावांचं दुकान, भांडणं, पळसदेव. सरुबाई दारात येऊन पदर तोंडाला लावून उभी होती.

आबांनी ज्ञानेशला विचारलं, "कुणाचा तू?"

"पळसदेवच्या अप्पांचा. आमचे आजोबा सावळाराम..."

"सावळाराम? त्याची मेंढरं आमच्या रानात बसायची. माझ्या लहानपणी. खतासाठी माझा बाप त्याला दरसाल बोलवायचा. जेवायला आमच्यातच असायचा." आबांचा चेहरा क्षणभर सैल पडला आणि पुन्हा आवळला. "पर रानात मेंढरं बसवणं वेगळं आनि पोरगी देणं वेगळं."

"व्हय," ज्ञानेश म्हणाला. "म्हणून तर विचारायला आलो. न बोलवता."

"आनि मी न्हाय म्हणालो तर?"

"तर पुन्हा येईन. पळवून न्हेणार न्हाय. ती तुमच्या दारातनंच निघंल, न्हायतर निघणार न्हाय."

राजनंदिनीला वाटलं, आता आबा तो घड उचलून फेकतील, नाहीतर आपल्याला आत जा म्हणतील. आबांनी कागदावरचा घड उचलून पेटीत नीट बसवला.

"चिंचवडला उद्या मी जात न्हाय," ते शेवटी म्हणाले. "त्यांना फोन करीन, पोरीची मर्जी न्हाय म्हणून. तेवढंच. ह्याचा अर्थ तुला हो म्हणालो, असा न्हाय." मग त्यांनी बाहेरच्या उन्हाकडं बघितलं. ते कलतं झालं होतं. "लांब जायचंय तुला. जेवून जा."

सरुबाईनं तोंडावरचा पदर काढला आणि ती लगबगीनं आत गेली.

जेवताना भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा येत होता. आबांनीच विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून, "आमटी कशी झालीया?"

"मीठ कमी हाय," ज्ञानेश म्हणाला.

आईच्या मागोमाग आत जाऊन आमटी राजनंदिनीनंच फोडणीला टाकली होती. "काही कमी नाही," ती पटकन म्हणाली. "बरोबर आहे."

"कमी हाय. चाखून बघ."

"चाखली. तुझ्या जिभेला खारट लागल्याशिवाय कळत नाही!"

आबा आळीपाळीनं दोघांकडं बघत होते. मग त्यांनी वाटी उचलली, एक घोट घेतला आणि बायकोला म्हणाले, "मीठ आन गं." बोलताना त्यांच्या मिशा हलल्या. ते हसू होतं की काय, हे तिला नीट दिसलं नाही.

जेवण झाल्यावर तो हात धुवायला मोरीजवळ गेला. ती तांब्या घेऊन उभी राहिली. आतून सरुबाईच्या भांड्यांचा आवाज येत होता. आबा ओसरीवर पाठ करून बसले होते... मुद्दामच, असं तिला वाटलं.

तिनं पाणी ओतलं. त्याचे हात स्वच्छ झाले, तरी त्यानं ते मागं घेतले नाहीत.

"पळसदेवला तू सगळं बोललीस," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी कायच बोललो न्हाय."

"मग आता बोल."

"तू दुकानात पहिल्यांदा बोललीस ना, रॅकच्या पलीकडनं, तेव्हा मला तू दिसलीसुदीक नव्हतीस. तवापासनं आवडतेस."

तांब्यातलं पाणी संपलं होतं. ती तशीच ओतत राहिली.